फिलोमिनाच्या वाट्याचं पाणी

अर्नाळ्याच्या फिलोमिनाने उभ्या आयुष्यात तराजूवर विश्वास ठेवला नाही. मासळी ती वाट्याने विकायची. डोक्यावरची पाटी उतरवली, फळी पुसली, डोळ्यांनी एकदा माप घेतलं की बोंबलांचे आणि मांदेलीचे वाटे आपोआप लागायचे. एखाद्या नव्या फ्लॅटवाल्याने "किलोचा भाव काय हो मावशी?" असं विचारलंच, तर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो बिचारा मुकाट दोन वाटे घेऊन घरी जायचा. अशा बाईला उतारवयात आठवड्यातून तीनदा वजनकाट्यावर उभं राहायला लागावं, ही देवाने केलेली थट्टाच होती. तसं तिने देवाला चर्चमधल्या रविवारच्या मिस्साला स्पष्ट सांगितलंही होतं. देवाने अजून उत्तर दिलं नव्हतं.

तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडून काही वर्षं झाली होती. "संप करून बसल्यात," असं ती सांगायची. डायलिसिसचं सेंटर विरार पूर्वेला, फुलपाड्याच्या रस्त्यावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं आणि बरोबर त्याच्या खाली फरसाणाचं दुकान. ज्यांना मीठ वर्ज्य अशा माणसांना गरम शेवेच्या वासातून जिना चढायला लावायची कल्पना ज्या बिल्डरच्या डोक्यात आली, त्याला एकदा भेटायची फिलोमिनाची फार इच्छा होती.

वर गेलं की आधी काटा. प्यायलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद झालेली, त्यामुळे ते अंगातच साठायचं. येताना वजन करायचं, मशीनने जास्तीचं पाणी ओढून घ्यायचं आणि जाताना पुन्हा वजन करायचं. हे जातानाचं वजन म्हणजे माणसाचं खरं, सुकं वजन. फिलोमिनाला ही गोष्ट पहिल्या दिवशीच कळली होती, कारण ओला बोंबील आणि सुका बोंबील यातला फरक तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवसाला प्यायचं पाणीही ठरलेलं. तिचा नवरा लॉरेन्स एकेकाळी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता आणि आता किनाऱ्यावर जाळी शिवायचा. तो रोज सकाळी निळ्या झाकणाची एक बाटली भरायचा. त्यातलं अर्धं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचा, कारण घोट संपतो पण बर्फाचा खडा तोंडात बराच वेळ टिकतो. ती बाटली आणि तो ट्रे म्हणजे फिलोमिनाचा त्या दिवशीचा समुद्र. घरात दुसऱ्या कुणी त्या ट्रेला हात लावला तर ती आकाशपाताळ एक करायची.

शेजारच्या खाटेवर मनवेलपाड्याचे जयवंत असायचे. मूळचे देवगडकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने भिडस्त. काट्यावर चढण्याआधी ते घड्याळ, पट्टा, पाकीट आणि चष्मा काढून खुर्चीवर मांडायचे, म्हणजे जास्त पाणी प्यायल्याबद्दल बोलणी थोडी कमी बसतील.

"जयवंतभाव, दात पन काडून ठेवा," फिलोमिना म्हणायची.

"दात माझेच आहेत हो, फिलोमिनाबाई."

"म्हनूनच म्हनतंय. तेवडं तरी हलकं व्हाल."

फिलोमिनाला हे असले उद्योग करावे लागत नव्हते. वर्षभरात तिचं सुकं वजन जागचं हललं नव्हतं. जयवंत पार वाळून गेले, समोरच्या खाटेवरचे मास्तर वाळले, आणि ही मात्र होती तेवढीच. याचा तिला एवढा अभिमान होता की चर्चच्या पायऱ्यांवर भेटणाऱ्या बायांनाही ती आपलं वजन ऐकवायची.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना सॅन्ड्राचं लग्न ठरलं.

सॅन्ड्रा लॉरेन्सच्या धाकट्या भावाची मुलगी, राहायला भिंतीला भिंत लावून. पण फिलोमिना तिची नुसती काकी नव्हती, धर्ममाता होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या पोरीला हातात धरून देवासमोर तिच्या वतीने बोललेली बाई. आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. बायका लुगडी नेसून, वेण्या माळून, बँडबाजा लावून गावच्या विहिरीवर जातात, हंडे भरून डोक्यावर नाचवत आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पूर्वी विहिरीपाशी उंबर होता, आता त्याच्या जागी मोबाइलचा टॉवर आहे. नाव मात्र तेच राहिलं आहे. यात पहिला हंडा धर्ममातेचा. तिचं पाणी नवरीच्या डोक्यावर पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी तांब्या उचलायचा नाही.

फिलोमिनाने आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी वाहिली. अर्नाळ्याहून आगाशीपर्यंत ती पाटीला हात न लावता चालत जायची आणि वाटेत दोघींशी भांडण करायची. हंड्याचं ते काय? ही पोर बारशाची होती तेव्हापासून फिलोमिना या एका हंड्याची वाट बघत होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. ती हे कधी बोलून दाखवायची नाही, पण त्यामुळेच तो हंडा तिला हवा होता.

नेमका त्याच महिन्यात सेंटरच्या डॉक्टरांनी तिच्या हाडांचा फोटो काढला.

"हाडं विरळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "किडनीच्या पेशंटांमध्ये होतं असं. जड उचलायचं नाही. आणि पडायचं तर अजिबात नाही."

"मी काय हौसेनं पडतंय?" फिलोमिना म्हणाली, पण जिना उतरताना तिने पहिल्यांदाच कठडा धरला.

बातमी तिच्या आधी गल्लीत पोचली. संध्याकाळी तिची नणंद मातिल्दा येऊन ओटीवर ऐसपैस बसली. मातिल्दा म्हणजे लॉरेन्सची धाकटी बहीण, नवरीची सख्खी आत्या. अंगाने दणकट आणि कुणी मदतीला बोलावण्याआधी हजर.

"वयनी, तू काय घोर लावून घेऊ नको," ती म्हणाली. "तुजा हंडा मी उचलीन."

"माजा हंडा मी मेल्यावर उचल," फिलोमिना म्हणाली आणि उठून आत गेली.

आत जाऊन तिने विचार केला. हाडं विरळ झाली म्हणजे हाडं कमी पडली. कमी पडली तर भरून काढायची. हाडं भरायला काय लागतं? हाडंच. हे तिला तिच्या आईने सांगितलेलं होतं, आईला तिच्या आईने, आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आजवर कुणालाही यात काही खोट दिसलेली नव्हती. मांदेली काट्यासकट खायची, सुका बोंबील भाजून शेपटीपासून डोक्यापर्यंत कुडुमकुडुम चावायचा, जवळा मूठमूठ खायचा. बाळंतिणीला देतात, मोडलेल्या हातापायाला देतात, मग डायलिसिसवाल्याने काय पाप केलं?

सेंटरमध्ये आहाराचा सल्ला द्यायला ज्ञानदा नावाची एक तरुण मुलगी होती. सुकी मासळी बंद, असं तिने पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. पण ती वसंतनगरीतल्या फ्लॅटात वाढलेली, तिच्या घरी श्रावण पाळायचे. बोंबलातलं तिला काय कळणार, असं म्हणून फिलोमिनाने तो सल्ला त्याच दिवशी समुद्रार्पण केला होता आणि आजवर अधूनमधून एखादा बोंबील चालूही होता. आता तिने कंबर कसली.

दिवस सुक्या मासळीचेच होते. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील ओळीने वाळत होते आणि सगळ्या गावाला तो वास सुटलेला होता. फिलोमिना औषध घ्यावं तशा निष्ठेने तो माल खाऊ लागली. सकाळी भाकरीबरोबर बोंबील, दुपारी तळलेली मांदेली, संध्याकाळी जवळ्याची चटणी. लॉरेन्सने एकदा बरणी लपवून ठेवली. तिने ती वासावरून शोधून काढली.

खारट खाल्ल्यावर तहान लागणारच. निळ्या झाकणाची बाटली दुपारीच रिकामी व्हायला लागली. मग सॅन्ड्राच्या घरी चहाचा घोट, कुणाकडे सरबताचा घोट. सेंटरमध्ये येतानाचं वजन वाढलं, तोंड सुजलं, गाल टम्म झाले. गल्लीतल्या बाया कौतुकाने थांबायला लागल्या.

"काय गो, लगीन तुजं हाय का सॅन्ड्राचं? काय भरलीस अंगानं!"

फिलोमिना लाजायची आणि घरी जाऊन आणखी एक बोंबील भाजायची.

फक्त एक झालं होतं. अंगाला खाज सुटायला लागली होती. पाठीला, पोटऱ्यांना, तळव्यांना. बसल्या जागी ती दाराच्या चौकटीला पाठ घासायची. "नवं हाड येतंय, म्हनून खाजवतंय," असं तिने लॉरेन्सला समजावलं. लॉरेन्स जाळं शिवत होता. त्याने सुई दातात धरून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांच्या संसारात वाद घालायचं खातं पहिल्यापासून तिच्याकडेच होतं.

जानेवारीत जयवंत आठवडाभर आले नाहीत; मोठ्या इस्पितळात होते, डायलिसिसही तिथेच होत होतं. आले ते छातीला पट्टा बांधून, काठी टेकत.

"पडला कुठं?" फिलोमिनाने विचारलं.

"नाही."

"मग कोनी मारला?"

जयवंत इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "शिंक आली."

"शिंक?"

"जोरात आली. बरगडी मोडली."

सगळं सेंटर हसलं. जयवंतही हसले, पण हसताना दुखतं म्हणून लगेच थांबले आणि छातीवर हात ठेवून बसून राहिले. मग फिलोमिनालाही हसू येईना. आपल्याला सकाळी दोनदा शिंक आली होती, हे तिला आठवलं. त्या दिवशी मशीन चालू असताना ती नाक चिमटीत धरून पडून होती.

त्याच सुमारास सेंटरमध्ये चार दिवसांसाठी एक नवं यंत्र आलं. माणसाला आडवं करायचं, हाताला आणि पायाला चिकटपट्ट्या लावायच्या, वायर जोडायची. काही दुखत नाही, काही टोचत नाही. अंगात पाणी किती, मांस किती आणि चरबी किती, हे वेगवेगळं पडद्यावर येतं. नंतर हातात एक दांडी देऊन ती होईल तेवढी जोरात दाबायला सांगायचे, ताकद बघायला. फिलोमिना खुशीत आडवी झाली. एवढी मेहनत केल्यावर निकाल बघायला कुणाला आवडत नाही?

ज्ञानदाने पडद्याकडे पाहिलं. मग फिलोमिनाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

"मावशी, तुमचं सुकं वजन वर्षभर सेम आहे ना?"

"अगदी. इकडचं तिकडं नाय."

"हो, पण आतलं सेम नाहीये. मसल खूप कमी झालाय. हातापायाचं मांस उतरलंय आणि तेवढीच जागा पाण्याने भरलीय. म्हणून काट्याला काहीच कळलं नाही. तुम्ही भरला नाही आहात मावशी, फुगला आहात."

फिलोमिनाला कोळंबी आठवली. सोललेली कोळंबी पाण्यात भिजत ठेवली की टचटचीत फुगते, टोपलीत कशी डोळ्यात भरते, आणि तव्यावर टाकली की पाणी सोडून बोटाच्या पेराएवढी होते, ही बाजारातली जुनी चलाखी. आपण स्वतः ती कधी केली नाही असं फिलोमिना सांगते; आपण विश्वास ठेवू. पण दुसरीच्या टोपलीतली असली कोळंबी ती लांबून ओळखायची आणि चारचौघांत नाव घेऊन सांगायची. आणि आज ती स्वतःच फळीवर पडून होती, आणि वर्षभर स्वतःच्याच मालाची जाहिरात करत चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली होती. तिला इतकी लाज वाटली की तिने उशीकडे तोंड फिरवलं आणि त्या नादात पोटरी खाजवली.

"खाज येते?" ज्ञानदाने लगेच विचारलं.

"नाय."

"मावशी."

"थोडी."

"जेवणाबरोबर चावायच्या गोळ्या घेता ना?"

"घेतंय की. सकाळी प्रार्थना झाली की सगळ्या एकदम. दिवसाची कटकट नको."

ज्ञानदाने डोळे मिटले. "आणि खाता काय?"

फिलोमिनाने आधी एकच बोंबील कबूल केला. मग सगळं सांगून टाकलं. बोंबील, मांदेली, काटे, डोकी, शेपट्या, आई, आईची आई. हाडं खाल्ली की हाडं होतात. सांगताना तिचं तिलाच ते आधीपेक्षा थोडं विचित्र वाटलं.

ज्ञानदा आधी हसली नाही. मग तिला आवरेना. हसून झाल्यावर तिने फिलोमिनाचा हात हातात घेतला. "मावशी, चांगल्या किडनीवाल्याला ते ठीक आहे. पण हाडांत, काट्यांत फॉस्फरस असतो. जास्तीचा बाहेर टाकायचं काम किडनीचं. तुमच्या किडन्या तर संपावर. मग तो रक्तात साचतो, त्याने खाज सुटते, आणि शरीर तुमच्याच हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतं. तुम्ही माशांची हाडं खात होतात आणि तो फॉस्फरस तुमची खात होता."

शेजारच्या खाटेवरून जयवंत म्हणाले, "मी दूध प्यायचो. हाडांसाठी. लिटरभर."

"काका, तुम्ही पण?" ज्ञानदा ओरडली.

त्या दिवशी फर्मान निघालं. सुकी मासळी बंद. अंड्याचं पांढरं खायचं, ताजी मासळी मोजकी आणि काटे काढून, गोळ्या घासाबरोबरच चावायच्या, म्हणजे त्या घासातला फॉस्फरस पोटातच अडवतात. रबराचा चेंडू दाबायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. फिलोमिनाने सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी हळूहळू तिच्या अंगातलं जास्तीचं पाणी ओढलं, तेव्हा टम्म गाल उतरले आणि आरशात एक किडकिडीत म्हातारी दिसू लागली. ही केव्हा आली घरात, असं वाटून फिलोमिना दचकली. पण हंडा तिच्या डोक्यातून गेला नव्हता. लग्न ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्याच्या आदल्या आठवड्यात होतं. तेवढ्यात थोडं मांस चढेल, असा तिचा हिशोब होता.

एका दुपारी सगळे मांडवाची बोलणी करायला गेलेले बघून तिने कोपऱ्यातला तांब्याचा हंडा काढला. डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर रिकामा हंडा. मान अजून ताठ होती. अंगणात एक फेरी मारली. काय झालं? काही नाही. दुसऱ्या फेरीआधी तिने त्यात बादलीभर पाणी ओतलं, खाली वाकून तो उचलला, डोक्यावर घेतला आणि एक पाऊल टाकलं. मानेने दगा दिला नाही. दगा दिला तो मांड्यांनी. त्या नुसत्या बसल्या, आणि त्यांच्यामागोमाग फिलोमिनाही बसली.

नशीब एवढंच की ती बसली तिथे लॉरेन्सचं शिवायला आणलेलं जाळं ढीग घालून ठेवलं होतं. ती थेट त्यात रुतली. हंडा ठणठणत कुंपणापर्यंत गेला. लॉरेन्स आवाजाने धावत आला तेव्हा त्याची बायको जाळ्यात पाय वर करून अडकलेली होती, चिंब भिजलेली, आणि एकेक हाड चाचपून बघत होती.

"काय नाय झालं," ती घाईघाईने म्हणाली. "सगळी हाडां जाग्यावर हायत."

लॉरेन्सने तिला सोडवलं नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"फिलो, मना पोहता येतंय, वारा बगता येतंय," तो म्हणाला. "पन तू पडलीस आनि उठली नायस, तर मी काय करायचा ता मना येत नाय. मना कोनी शिकवला नाय. हंडा कोन पन उचलील. मी रोज बाटली कोनाची भरू?"

एवढं लांब तो आयुष्यात बोलला नव्हता. फिलोमिनाने जाळ्यातून हात बाहेर काढून त्याचा हात धरला आणि रडली. मग म्हणाली, "आता सोडव. गाठी टोचतात."

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना गाठलं. मासळीबाजारातली सगळी विद्या पणाला लावली.

"हंडा?"

"नाही."

"अर्धा?"

"नाही, फिलोमिनाबाई."

"कळशी? ल्हानशी?"

"डोक्यावर काहीही नको. तुमच्या मणक्यांना ते झेपणार नाही."

"मग हातात?"

डॉक्टरांनी तिच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. त्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली होती, बोट ठेवलं की आत घुरघुर लागायची. "त्या हातात तर नाहीच. उजव्या हातात एक तांब्या. तोही छोटा."

"झाला," फिलोमिना म्हणाली. हंड्यावरून तांब्यावर सौदा उतरला होता. इतक्या पडत्या भावात तिने आजवर काही विकलं नव्हतं.

मातिल्दाला निरोप तिने स्वतः जाऊन दिला. "हंडा तू उचल," ती म्हणाली. मातिल्दाने आनंद लपवायचा प्रयत्न केला, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच लपत नसे. फिलोमिना घरी आली आणि तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख करून नणंदेकडे पाठवला. घासताना ती बराच वेळ नाक ओढत होती. चिंच डोळ्यात गेली, असं तिने लॉरेन्सला सांगितलं.

उंबराच्या पाण्याच्या दिवशी सकाळी लॉरेन्सने नेहमीप्रमाणे बाटली भरली. फिलोमिना म्हणाली, "आज मी हिला तोंड लावनार नाय. बर्फ पन तसाच ठेव."

"गोळ्या कशाबरोबर घेशील?"

"घासाबरोबर चावीन. ज्ञानदा तसंच सांगते."

"तहान लागंल."

"ती रोजच लागते. आज कामाला लावतंय तिला."

लॉरेन्सला समजलं. त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तो दिवस लांबच लांब गेला. मांडवात सरबताचे ग्लास फिरत होते, पोरं कोल्ड्रिंकच्या बाटल्या फोडत होती, आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती, आणि फिलोमिना लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून, जीभ टाळ्याला चिकटलेली अशी खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम देत होती. संध्याकाळी निघण्याआधी तिने घरात जाऊन बाटलीतलं पाणी तांब्यात ओतलं, ट्रेमधले खडे त्यात टाकले आणि वर केळीचं पान बांधलं.

बँड वाजायला लागला. मातिल्दा पुढे, लख्ख हंडा घेऊन. विहिरीवर गाणी झाली, हंडे भरले. फिलोमिना तांब्या पोटाशी धरून बाजूला उभी राहिली.

"काकी, तुजा तांब्या भरला नाय," कुणीतरी म्हणालं.

"भरलेलाच आनलाय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. डायलिसिसने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं दोघींचं तिथेच ठरलं. येताना मातिल्दा हंडा डोक्यावर घेऊन अशी नाचली की एक थेंब सांडला नाही. फिलोमिनाला तिचा हेवा वाटला, आणि कौतुकही वाटलं. शेवटी चार पावलं तीही नाचली, तांब्या सांभाळत, लॉरेन्सचा डोळा चुकवून.

सॅन्ड्रा पाटावर बसली होती, अंगाला नारळाचा रस चोळलेली. गल्ली सगळी जमली होती. पहिलं पाणी धर्ममातेचं. फिलोमिना पुढे झाली, तिने केळीचं पान सोडलं, क्रूसाची खूण केली आणि तांब्या सॅन्ड्राच्या डोक्यावर उपडा केला.

सॅन्ड्राने अशी किंकाळी फोडली की बँडवाले थांबले.

"काकी! बर्फ आहे यात! काय यार!"

"विहिरीचं पानी कंदीपासनं गोठाय लागला?" मातिल्दा हंडा सावरत म्हणाली.

"विहिरीचं नाय ता," लॉरेन्स मागून म्हणाला. "तिचं हाय. आजच्या दिवसाचं. सकाळपासनं घोट घेतला नाय तिनं."

मातिल्दाने हंडा खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि हंड्यावरून हक्क सांगायला ती पुन्हा कधी आली नाही. सॅन्ड्रा कुडकुडत बसली होती. केसांतून पाणी गळत होतं, ओल्या चेहऱ्यावर नक्की कुठलं पाणी ते कळत नव्हतं. तिने मांडीवर चाचपलं. तिथे बर्फाचा एक खडा अडकून राहिला होता. तिने तो चिमटीत उचलला, पाटावरून अर्धवट उठली आणि दुसऱ्या हाताने फिलोमिनाची हनुवटी धरली.

"आ कर," ती म्हणाली.

"लोक बगतात गो."

"बघू दे. आ कर."

फिलोमिनाने तोंड उघडलं. बर्फ जिभेवर पडला आणि दिवसभराची तहान घशातून खाली उतरायला लागली. तिने डोळे मिटून घेतले. बर्फाला नारळाच्या रसाची चव लागत होती. नारळ तिला बंद होता, पण हे ज्ञानदाला सांगायचं नाही, असं तिने आणि लॉरेन्सने एकमेकांकडे बघूनच ठरवून टाकलं.